न मागता उघडणारी कोरी फाइल

टेबलावरचा संगणक : लेखांक 9

न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले. त्याच्या कागदपत्रांचे काम करणारी कितीतरी कार्यालये आज बेलापूर, वाशी, नेरूळ या पट्ट्यात आहेत. ‘कागदपत्र’ हा शब्द टिकला असला, तरी तिथला कागद आता बहुतेक वेळा एक्सेलची फाइल असतो. निर्यातदाराने मेलने पाठवलेली पॅकिंग लिस्ट, कंटेनरची यादी, ट्रकवाल्याचा हिशेब, सगळे त्यातच. वाशीच्या बाजार समितीतल्या गाळ्यांवरही आवक आणि दराचे तक्ते याच चौकटीत भरले जातात. अशा टेबलावरचा माणूस एक्सेल उघडतो तो बहुधा दुसऱ्याने आधीच भरलेली फाइल पाहायला. तरी त्याच्यासमोर आधी ‘बुक1’ नावाची कोरी फाइल येते. कधी तीही येत नाही, नुसती राखाडी खिडकी उघडते. ती बंद करायची आणि कामाला लागायचे, ही सवय इतकी मुरली आहे की ती फाइल का उघडली असा प्रश्नच कोणी विचारत नाही. आजच्या लेखात तोच प्रश्न विचारायचा आहे. ही कोरी फाइल म्हणजे कोणीतरी दिलेल्या आज्ञेला प्रोग्रामने दिलेले उत्तर असते, आणि आज्ञा कुठून आली हे सापडले की उपाय बहुधा एका खुणेचा किंवा एक फाइल हलवण्याचा उरतो.

काही वेळा आज्ञा खुद्द प्रोग्राम बनवणाऱ्यांची असते. एक्सेल 1985 मध्ये मॅकिन्टॉशवर आणि 1987 मध्ये विंडोजवर आले. त्या काळी हिशेबाचा प्रोग्राम सुरू करणे म्हणजे नवा हिशेब मांडायला बसणे, असेच गृहीत होते. फाइलचे नाव दिले नाही, तर कोरे पान हवे असणार. आपल्याकडे व्यापारी पाडव्याला नव्या वहीची पूजा करून ती वर्षभर चालवतो. एक्सेलच्या या हिशेबात मात्र प्रत्येक सुरुवात हाच पाडवा. 2013 च्या आवृत्तीपासून यात एक पायरी वाढली. नुसत्या चिन्हावर क्लिक करून एक्सेल उघडले, तर आधी अलीकडच्या फाइलींची यादी दाखवणारे सुरुवातीचे पान येते. पुष्कळांना ते पान अडथळा वाटते. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’ इथे जाऊन ते सुरुवातीचे पान दाखवण्याची खूण काढून टाकतात, आणि मग दररोज बुक1 समोर येऊन उभी राहते. ज्याचे काम जुन्या फाइलींवर चालते त्याने ती खूण परत लावावी. सुरुवातीचे पानही नको आणि कोरी फाइलही नको, असे असेल तर शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’च्या ओळीत, अवतरणचिन्ह संपल्यावर एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि इंग्रजी ई हे अक्षर लिहावे. त्या शॉर्टकटवरून एक्सेल दोन्हींशिवाय उघडते.

खरी गंमत पुढच्या प्रकारात आहे, कारण तिथे आज्ञा कार्यालयातल्याच कोणीतरी, बहुधा नकळत, देऊन ठेवलेली असते. एक्सेलचा एक खास फोल्डर असतो, ‘एक्सएलस्टार्ट’. त्यात ठेवलेली प्रत्येक फाइल एक्सेल सुरू होताना आपोआप उघडते. हा फोल्डर दोन जागी असतो. एक वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘अ‍ॅपडेटा’मध्ये, ‘रोमिंग’च्या आत. दुसरा ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये, जिथे ऑफिस बसवलेले आहे तिथे. याशिवाय ‘ऑप्शन्स’च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात, खाली ‘जनरल’ या शीर्षकाखाली, सुरुवातीला ज्यातल्या सगळ्या फाइली उघडायच्या अशा आणखी एका फोल्डरचा पत्ता लिहायची चौकट असते. तिथे कोणी ‘डॉक्युमेंट्स’चा पत्ता टाकला, तर एक्सेल तिथल्या फाइली एकेक करून उघडू लागते, आणि बघणाऱ्याला वाटते यंत्र बिघडले. यंत्र इथे सांगितलेले काम निमूट करत असते. कंपनीचे नाव आणि रकाने असलेला कोरा नमुना एखाद्याने या फोल्डरमध्ये नमुना म्हणून, म्हणजे टेम्प्लेटच्या प्रकारात आणि ‘बुक’ या नावाने ठेवला, तर नवी फाइल बहुधा त्या साच्यातून निघते. तोच नमुना साध्या फाइलच्या प्रकारात ठेवला, तर तो स्वतःच रोज सकाळी हजर होतो.

याच फोल्डरमध्ये ‘पर्सनल’ नावाची फाइल असू शकते. मॅक्रो, म्हणजे आपोआप पुन्हा करता येणाऱ्या कृतींची मालिका, रेकॉर्ड करताना तो सगळ्या फाइलींत वापरता यावा असा पर्याय निवडला, की एक्सेल ही फाइल तयार करते आणि लपवून ठेवते. कोणी ‘व्ह्यू’मधल्या ‘अनहाइड’ने ती उघडी केली आणि बाहेर पडताना ‘सेव्ह’ला होकार दिला, की पुढे रोज ती कोऱ्या चौकटींसह दिसते. ती पुसून टाकली तर तिच्यातले मॅक्रोही जातात. म्हणून ‘व्ह्यू’मध्ये ‘हाइड’ करावे, एक्सेल बंद करावे, आणि त्या वेळी ‘पर्सनल’मधले बदल साठवायचे का असे विचारले जाते तेव्हा हो म्हणावे. ही फाइल ओळखीची नसेल तर मात्र सावध व्हावे. जुलै 1996 मध्ये सापडलेला ‘लारू’ हा एक्सेलमधला मॅक्रो विषाणू याच वाटेने पसरला होता. सुरुवातीच्या फोल्डरमध्ये तो ‘पर्सनल’ नावाची फाइल तयार करायचा, आणि मग त्या संगणकावर उघडलेल्या फाइलींना चिकटायचा. जी सोय मॅक्रो हाताशी ठेवते तीच नको असलेल्याला दार उघडून देते. न मागता उघडणाऱ्या फाइलीकडे नुसता वैताग म्हणून पाहू नये, असे माझे ठाम मत आहे, त्याचे मोठे कारण हेच.

राखाडी खिडकीचे गणित याच्या उलट आहे. इथे आज्ञा पोचतच नाही. मेलमधून उतरवलेल्या फाइलवर डबल-क्लिक केले की विंडोज एक्सेलला निरोप देते, अमुक फाइल उघड. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात इतर प्रोग्रामांकडून डीडीई पद्धतीने येणाऱ्या निरोपांकडे दुर्लक्ष करण्याची एक खूण आहे. ती लागलेली असेल, तर एक्सेल जागे होते पण निरोप ऐकत नाही, आणि रिकामे दालन उघडून बसते. खूण काढली की काम झाले. ती आधीच काढलेली असेल, तर ‘व्ह्यू’मध्ये ‘अनहाइड’ उजळलेले दिसते का ते पाहावे. काही वेळा पाठवणाऱ्यानेच फाइल लपवलेल्या अवस्थेत सेव्ह केलेली असते.

यावर पहिला आक्षेप असा, की बंद करायला एक क्लिक लागतो, त्यासाठी एवढी शोधाशोध कशाला? क्लिक एकच आहे हे खरे. पण त्या फाइलीत चुकून काही टाइप झाले की येणाऱ्या ‘सेव्ह करू का’ या प्रश्नाला न वाचता नकार देण्याची सवय लागते, आणि तो नकार एखाद्या दिवशी भरलेल्या कंटेनर यादीवर पडतो. घाईत मजकूर कोऱ्या फाइलमध्ये चिकटवला जातो, ती ‘बुक1’ याच नावाने डाउनलोड्समध्ये साठते, आणि संध्याकाळी खरी यादी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ऑफिस काढून पुन्हा टाकले की सगळे साफ होईल. तसे बहुधा होत नाही. या खुणा आणि अ‍ॅपडेटामधला फोल्डर वापरकर्त्याच्या खात्यात राहतात. प्रोग्राम काढला तरी त्या सहसा तिथेच असतात, आणि अर्धा दिवस घालवून आपण पुन्हा त्याच कोऱ्या फाइलसमोर येतो. आणखी एक उपाय सुचवला जातो तो लिब्रेऑफिसकडे वळण्याचा. ते मोफत आहे आणि पुष्कळ कामांना पुरेसे आहे, म्हणून हा सल्ला मला चुकीचा वाटत नाही. पण त्यातल्या कॅल्कच्या चिन्हावर क्लिक केले तरी कोरे पानच उघडते, आणि एकदम अनेक ई-वे बिले चढवण्यासाठी दिलेले सरकारी साधन तर मुळातच मॅक्रो असलेली एक्सेल फाइल आहे. वाहतुकीच्या धंद्यातल्या माणसाला एक्सेल सहजी सुटत नाही.

आज्ञा कुठून येते हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. कंट्रोल कळ दाबून धरून एक्सेल सुरू करावे. सेफ मोडमध्ये सुरू करू का असे विचारले जाते. तिथे हो म्हटले की एक्सएलस्टार्टमधल्या फाइली आणि जोडलेले अ‍ॅड-इन बाजूला ठेवून एक्सेल उघडते. नको असलेली फाइल आता दिसली नाही, तर दोष सुरुवातीच्या फोल्डरांत किंवा अ‍ॅड-इनमध्ये आहे. तेव्हा दोन्ही एक्सएलस्टार्ट फोल्डरमधल्या फाइली पुसू नयेत, डेस्कटॉपवर हलवून पाहाव्यात, कारण त्यातली एखादी कार्यालयाच्या संगणक विभागाने मुद्दाम ठेवलेली असू शकते. फोल्डर रिकामे करूनही फाइल येतच राहिली, तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधली आणखी एका फोल्डरच्या पत्त्याची चौकट रिकामी आहे ना ते पाहावे; तरीही ती आली, तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘अ‍ॅड-इन्स’मध्ये ‘कॉम अ‍ॅड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबावे आणि एकेकाची खूण काढत, दर वेळी एक्सेल बंद करून पुन्हा उघडून पाहावे. दोन खुणा एकदम काढल्या तर दोषी कोण ते कळत नाही. आणि सेफ मोडमध्येही बुक1 तशीच उभी असेल, तर ती प्रोग्रामच्या स्वतःच्या नेमाने आलेली आहे. तिच्यासाठी सुरुवातीच्या पानाची खूण किंवा वर सांगितलेला शॉर्टकट पुरतो.

पुढच्या आठवड्यात : पॅकिंग लिस्टमधल्या लांबलचक क्रमांकांचे शेवटचे आकडे एक्सेलमध्ये शून्य का होतात.