‘तू कोणाची?’ : बायबलमधली नाती आणि आपली

आगाशीच्या बाजारात एखादा नवखा तरुण दिसला, तर जुनी माणसे त्याला आधी नाव विचारत नाहीत. ‘कोणाचा रे तू?’ असे विचारतात. मुलगा बापाचे नाव सांगतो. तेवढ्याने भागत नाही. मग आजोबांचे नाव, मग आळी, मग आईचे माहेर. दोन-तीन पायऱ्या उतरल्या की म्हाताऱ्याचा चेहरा खुलतो आणि त्या मुलाचे कुठल्या तरी बाजूने आपल्याशीच नाते निघते. मुंबईला लोकलने जाऊन-येऊन असणाऱ्या नव्या पिढीला ही चौकशी थोडी जुनाट वाटते. पण हाच प्रश्न बायबलमध्ये पुन:पुन्हा भेटतो.

अब्राहामाचा सेवक धन्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, मुलगी पाहायला परगावी जातो. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या रिबकेला तो विचारतो, की तू कोणाची मुलगी? दावीद गल्याथाला मारून परततो, तेव्हा शौल राजा त्याला विचारतो, की तू कोणाचा मुलगा? आणि बवाज नावाचा जमीनदार आपल्या शेतात सरवा वेचणाऱ्या अनोळखी रूथला पाहून मुकादमाला विचारतो, की ही मुलगी कोणाची?

बायबल आपण धर्मग्रंथ म्हणून ओळखतो. पण त्यातला, विशेषत: जुन्या करारातला, बराच मोठा भाग ही एका घराण्याची हकिगत आहे. त्या काळच्या हिब्रू माणसाचे ‘घर’ म्हणजे नवरा-बायको आणि मुले एवढेच नव्हते. म्हातारा कर्ता पुरुष, त्याचे मुलगे, सुना, नातवंडे, विधवा, गडीमाणसे, आश्रित अशा सगळ्यांना मिळून ‘बापाचे घर’ म्हणत. अशी काही घरे मिळून कूळ होई आणि कुळे मिळून वंश. मोठी खळी, एकाच आवारात भावाभावांच्या ओसऱ्या, मागे केळीची वाडी आणि सर्वांत एक विहीर असे घर ज्यांनी वसईच्या पट्ट्यात पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता गंमत पाहा. हिब्रू भाषेत ‘भाऊ’ या शब्दाचा पसारा फार मोठा आहे. लोट हा अब्राहामाचा सख्खा पुतण्या. तरी गुराख्यांच्या भांडणाच्या वेळी अब्राहाम त्याला समजावतो, की आपण भाऊ आहोत, आपल्यात तंटा नको. पुढे लोटाला शत्रूंनी पकडून नेले, तेव्हा अब्राहाम घरची ३१८ माणसे घेऊन त्याला सोडवायला धावला. म्हणजे ‘भाऊ’ म्हणणे नुसते तोंडदेखले नव्हते.

उलट काही ठिकाणी हिब्रूला शब्द अपुरा पडतो. मामासाठी वेगळा शब्द नसल्यामुळे याकोब आपल्या मामाच्या, लाबानाच्या, गावी पोहोचतो त्या प्रसंगी ‘त्याच्या आईचा भाऊ’ हे शब्द एकाच वाक्यात तीनदा येतात. मराठीत ‘मामा’ म्हटले की काम झाले. रूथच्या गोष्टीत अर्पा ही रूथची कोण? इंग्रजीत तिच्यासाठी जो शब्द येतो, त्यात जाऊ, नणंद, मेहुणी, भावजय सगळ्या एकाच पोत्यात. मराठी वाचकाला क्षणात कळते, की ही तिची जाऊ, कारण दोघी एकाच घरात दिलेल्या सुना. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, आणि आगाशीच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. नात्यांच्या बाबतीत मराठी अनुवादकाच्या हाताशी इंग्रजीपेक्षा कितीतरी भरलेला डबा असतो.

पण डबा भरलेला असला की अडचणही होते. एलिझाबेथ ही मारियेची ‘नातलग’ एवढेच मूळ ग्रीक सांगते. ती मावसबहीण होती, की मामी, की आत्या? मराठी माणसाला विचारल्यावाचून राहवत नाही, पण ग्रंथ गप्प आहे. येशूचे ‘भाऊ’ याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांच्याविषयी तर शतकानुशतके चर्चा चालू आहे. कॅथलिक परंपरा त्यांना जवळच्या नात्यातले, चुलत-मावस अशा पद्धतीचे भाऊ मानते. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरा त्यांना योसेफाच्या आधीच्या लग्नाची मुले समजते. बहुतेक प्रॉटेस्टंट त्यांना मारियेची नंतरची मुले मानतात. मूळ शब्द ‘भाऊ’ एवढाच आहे, आणि भाऊ म्हणजे केवळ सख्खा असे न मानणाऱ्या समाजातून तो आला आहे, एवढे लक्षात ठेवले तरी हा वाद का मिटत नाही ते कळते.

मामाचा विषय निघाला आहे, तर लग्नाचेही बोलू. याकोबाने मामाच्या दोन्ही मुलींशी, लेआ आणि राहेल यांच्याशी, लग्न केले. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्न चालते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात दाखवले आहे, की उत्तरेत असे विवाह निषिद्ध, दक्षिणेत पसंतीचे आणि महाराष्ट्र मध्ये उभा. इथे मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. हिंदू विवाह कायद्यानेही (१९५५) रूढी असेल तिथे अशा लग्नाला वाट ठेवली आहे.

कॅथलिक चर्चचा नियम मात्र वेगळा आहे. चुलत, मामे, आते, मावस यांपैकी कोणत्याही पहिल्या पिढीच्या भावंडांचा विवाह धर्माधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय होत नाही. मध्ययुगात ही बंदी सात पायऱ्यांपर्यंत होती. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ती चारांवर आणली, आणि १९८३ च्या नव्या धर्मसंहितेने पायऱ्या मोजण्याची रीत बदलून ती आणखी सैल केली. लग्न ठरले की चर्चमध्ये जाहीर घोषणा करण्याची प्रथा आहे, ती अशीच काही अडचण असल्यास कोणी सांगावी म्हणून. आगाशीचे चर्च संत जेम्स यांच्या नावाचे, आणि जेम्स म्हणजेच याकोब. पण खुद्द मूळ पुरुष याकोब आज तिथे लग्न लावायला आला असता, तर त्याला आधी परवानगीचा अर्ज करावा लागला असता! दुसऱ्या बायकोचा तर प्रश्नच नाही. बायबलमध्येही हे नियम पुढे कडक झाले. मोशेचे वडील अम्राम यांनी आपल्या आत्याशी लग्न केले होते. नंतरच्या लेवीय ग्रंथाने आत्या-पुतण्याचा संबंध आणि एकीच्या हयातीत तिच्या बहिणीशी लग्न या दोन्ही गोष्टी निषिद्ध ठरवल्या.

मामाने भाच्याला कसे वागवले, तेही पाहण्यासारखे आहे. लाबानाने याकोबाला हाडामांसाचा म्हणून जवळ घेतले आणि मग वीस वर्षे राबवले. चौदा वर्षे दोन मुलींसाठी, सहा वर्षे गुराढोरांसाठी. त्यातही राहेलऐवजी लेआ गळ्यात बांधून फसवले. बायबल नात्यांचे गोडवे गात नाही. काइनाने हाबेलाला मारले, योसेफाला त्याच्या भावांनी विकले. मराठीतही ‘भाऊबंद’ आणि ‘भाऊबंदकी’ हे शब्द एकाच घरात राहतात.

मग या साऱ्या नात्यांचा अर्थ काय? माझ्या मते तो रूथच्या छोट्याशा पुस्तकात सापडतो.

बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात गेली. तिथे दहाएक वर्षांत नवराही गेला, मुलेही गेली. उरल्या सासू आणि दोन सुना. नामीने दोघींना माहेरी परत जायला सांगितले. अर्पा रडत रडत परतली, रूथ सासूबरोबर बेथलेहेमला आली. तिथे ती सरवा वेचून पोट भरू लागली. कापणीच्या वेळी शेताच्या कडा आणि खाली पडलेली कणसे गरिबांसाठी, परदेशी माणसासाठी आणि विधवेसाठी सोडावीत, असा मोशेचा नियम होता. बवाजाच्या शेतावर ‘ही कोणाची?’ हा प्रश्न आला तो इथे. ती नामीबरोबर आलेली मवाबी मुलगी, असे उत्तर मिळाले.

बवाज हा नामीच्या नवऱ्याच्या कुळातला. हिब्रूत अशा नातलगाला एक खास शब्द आहे, ‘गोएल’. कुळातल्या कोणावर संकट आले, तर सोडवणूक करणारा. गरिबीमुळे कोणाची जमीन गेली, तर ती पैसे भरून परत कुळात आणायची. कोणी कर्जापायी गुलाम झाला, तर त्याला सोडवायचे. याच्याच जोडीने दुसरी एक रीत होती. भाऊ मूल न होता मेला, तर दिराने त्याच्या विधवेशी लग्न करून भावाचे नाव चालवायचे. मामासाठी शब्द नसलेल्या हिब्रूत नवऱ्याच्या भावासाठी मात्र स्वतंत्र शब्द आहे. जिथे जबाबदारी जड, तिथे भाषेने शब्द जपून ठेवला.

बवाजापेक्षा जवळचा आणखी एक नातलग होता. गावच्या वेशीवर दहा वडीलधाऱ्यांसमोर बवाजाने त्याला विचारले. जमीन घ्यायला तो लगेच तयार झाला. पण जमिनीबरोबर रूथची जबाबदारी आणि मेलेल्याचे नाव चालवणेही आहे, हे कळताच आपल्या स्वत:च्या वतनाला धक्का बसेल म्हणून तो मागे सरला. वहाण काढून देऊन त्याने हक्क सोडला. बायबलने या माणसाचे नावसुद्धा ठेवलेले नाही. मूळ हिब्रूत त्याला जे म्हटले आहे, त्याला मराठीत ‘अमका-तमका’ हाच नेमका शब्द. दुसऱ्याचे नाव राखायला ज्याने नकार दिला, त्याचेच नाव उरले नाही. आणि परक्या देशातून आलेली रूथ दावीद राजाची पणजी झाली.

ही गोष्ट मला आजच्या आगाशीत फार जवळची वाटते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत विरार-नालासोपाऱ्याकडून इमारती वाडीच्या कुंपणाशी येऊन टेकल्या. गुंठ्याला भाव आला. सातबाऱ्यावर नावे चढू लागली, तशी उतरूही लागली. भारतीय वारसा कायदा १९२५ चा. त्यानुसार मृत्युपत्र नसलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. कायदा स्पष्ट आहे. तरी लग्न होऊन गेलेल्या बहिणीपुढे हक्कसोड पत्र येते, माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, आणि कधी कधी सही करूनही माहेर तुटते.

सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे उभ्या राहिल्या होत्या. आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचे नाव का पुसले जावे, असा त्यांचा सवाल होता. निवाडा त्यांच्या बाजूने झाला. मात्र जमीन दुसऱ्या वंशात जाऊ नये म्हणून वंशातच लग्न करण्याची अट पडली आणि पाचही जणींनी चुलतभावांशी लग्ने केली. आजच्या कायद्याइतका तो न्याय पुरा नाही. पण त्या पाचही मुलींची नावे ग्रंथात आहेत, हे विसरू नये.

नव्या करारात एक माणूस येशूकडे येऊन म्हणतो, की माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू वाटणीदार व्हायला नकार देतो आणि लोभापासून जपा असे बजावतो. आणखी एका प्रसंगी आई आणि भाऊ बाहेर उभे असताना तो सांगतो, की देवाच्या इच्छेप्रमाणे चालणारा तोच माझा भाऊ, बहीण आणि आई. पण म्हणून त्याने घरचे नाते टाकले नाही. क्रुसावरून त्याने आपल्या आईला शिष्याच्या स्वाधीन केले आणि तिच्या म्हातारपणाची सोय लावली.

तेव्हा ‘कोणाचा रे तू?’ या प्रश्नात नुसती वंशावळीची चौकशी नाही. तुझ्यावर वेळ आली, तर तुझ्यासाठी कोण उभा राहील, आणि तू कोणासाठी उभा राहशील, हे त्यात विचारलेले असते. बवाजाकडे त्याचे उत्तर होते. अमक्या-तमक्याकडे नव्हते. उद्या बहिणीपुढे सहीसाठी कागद सरकवण्याआधी आपण या दोघांपैकी कोण, एवढे तरी भावाने मनाशी विचारावे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)