ट्रॅकवर कॅमेरामन, तोंडात जर्सी, एक फेरी जास्त… स्टीपलचेसमध्येच असे का घडते?

१८ जुलै २०२२. अमेरिकेतील युजीन शहरात जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा सुरू होती. पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत जगातले निवडक धावपटू घोळक्याने पळत येत होते आणि समोर ट्रॅकवरच एक कॅमेरामन उभा होता. धावपटूंकडे त्याची पाठ होती. बाजूला महिलांची तिहेरी उडी रंगली होती आणि तो ती टिपण्यात गढून गेला होता. धावपटूंनीच त्याला वळसा घातला, घोळका फुटला आणि पुन्हा एक झाला. कॅमेरामनच्या लक्षात आले तोवर सगळे पुढे गेले होते.

ही चित्रफीत जगभर फिरली. ‘हा छत्तिसावा अडथळा कुणी ठेवला?’ असा विनोद सहज सुचावा, कारण या शर्यतीत मुळात पस्तीस उड्या असतात. मात्र कडा-आष्टी भागातल्या वाचकांसाठी त्या दृश्यात आणखी एक गोष्ट होती. कॅमेरामनला वळसा घालणाऱ्या त्या घोळक्यात आपल्याच तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे होता. अत्यंत संथ झालेली ती शर्यत मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीने ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत जिंकली. साबळे अकरावा आला.

क्रीडाविश्वातल्या गमतीजमतींची यादी करायला बसले, तर स्टीपलचेसचा वाटा बराच मोठा निघतो. कुणी पाण्याचा अडथळाच विसरतो, कुणी एका बुटावर शर्यत जिंकतो, कुणी सुवर्णपदक मिळाल्यावर काही वेळात ते गमावतो. हे सारे याच शर्यतीच्या वाट्याला का येते?

अडथळा पडत नाही, माणूस पडतो

‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच मनोरा. आयर्लंड आणि इंग्लंडमधले घोडेस्वार एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावत. वाटेत येतील ती कुंपणे, ओढे, नाले ओलांडत जायचे. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी १८५० मध्ये हाच खेळ घोड्याविना खेळून पाहिला आणि पुढे तो मैदानात आला. म्हणजे या शर्यतीच्या जन्मातच घोड्याचे काम माणसाने करण्याची गंमत आहे.

आजच्या शर्यतीत २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट असते. ११० मीटर अडथळा शर्यतीत पायाचा धक्का लागला की अडथळा उलटतो आणि धावपटू पुढे जातो. इथे तसे होत नाही. हा ओंडका ८० ते १०० किलोंचा असतो. त्याला गुडघा लागला तर जे काही व्हायचे ते गुडघ्याचे होते. शिवाय लेन नसते, सगळे एकत्र पळतात. पुढच्याच्या पाठीमुळे अडथळा ऐनवेळी दिसतो. पाण्याच्या खड्ड्याआधीही असाच ओंडका असतो. बहुतेक जण त्यावर पाय देऊन झेप घेतात आणि उताराच्या पाण्यात उतरतात. खड्डा ३.६६ मीटर लांब. जितके लांब उडाल, तितके पाणी कमी.

केनियाच्या अमोस बिवॉटने १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये हा हिशेब शेवटपर्यंत नेला. तो ओंडक्यावर पाय देऊन अख्खा खड्डाच ओलांडत असे आणि कोरड्या पायांनी पलीकडे उतरत असे. बाकीचे छपाछप पाणी उडवत येत असताना हा गडी कोरडाच. तंत्राच्या पुस्तकात न बसणारी ती उडी पाहून प्रेक्षक चक्रावले, पण सुवर्णपदक त्यानेच नेले. त्यानंतर २०१६ पर्यंत केनियाने ज्या ज्या ऑलिम्पिकमध्ये भाग घेतला, तिथे या शर्यतीचे सुवर्ण दुसऱ्या कुणाला मिळाले नाही.

खड्ड्याची आणखी एक खोड आहे. तो नेहमीच्या ट्रॅकवर नसतो, वळणाच्या आत किंवा बाहेर असतो. त्यामुळे त्या ठिकाणी वाट बदलावी लागते. लंडनमध्ये २०१७ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत केनियाची बिएट्रिस चेपकोएच नेमके हेच विसरली आणि वळणावरून सरळ पुढे गेली. चूक कळताच ती मागे फिरली, खड्डा ओलांडला आणि पुन्हा घोळक्याच्या मागे लागली. एवढे होऊनही ती चौथी आली. पुढच्याच वर्षी मोनॅकोत तिने ८ मिनिटे ४४.३२ सेकंदांचा विश्वविक्रम केला. रस्ता चुकलेल्या मुलीवर हसणाऱ्यांना तिने दिलेले हे उत्तर फार आवडण्यासारखे आहे.

मोजणाऱ्याने चूक केली, भोगली धावणाऱ्याने

सर्वांत विचित्र प्रकार १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधला. अंतिम शर्यतीत फेऱ्या मोजणाऱ्या पंचाचे गणित चुकले. धावपटू ३००० मीटर पूर्ण करून आले, तरी त्यांना थांबवलेच नाही. सगळे आणखी एक फेरी पळाले आणि ती शर्यत सुमारे ३४६० मीटरची झाली. फिनलंडचा व्होल्मारी इसो-होलो त्या वेळीही पुढे होता आणि शेवटीही, त्यामुळे त्याचे काही बिघडले नाही. बिघडले ते अमेरिकेच्या ज्यो मॅक्लस्कीचे. खरी शर्यत जिथे संपायला हवी होती, तिथे तो दुसरा होता. जास्तीच्या फेरीत ब्रिटनच्या टॉम एव्हन्सनने त्याला गाठले. रौप्याचे कांस्य झाले.

शर्यत पुन्हा घेण्याचा प्रस्ताव मॅक्लस्कीपुढे ठेवण्यात आला होता. त्याने नकार दिला. अंतिम निकाल आजही तसाच आहे, जास्तीच्या फेरीसकट. किस्सा म्हणून तो मजेदार आहे, पण मॅक्लस्कीच्या घरी तो कसा सांगितला जात असेल, याचा विचार केला की हसू जरा आवरते.

पंचांच्या चुकीवर हसायचे की नाही हे निकाल कुठे लागतो त्यावर ठरते. फ्रान्सच्या महिएदिन मेखिसीची कथा मात्र पूर्णपणे त्याच्या स्वतःच्या करणीची. झुरिक येथील २०१४ च्या युरोपीय स्पर्धेत तो इतका पुढे होता, की अखेरच्या सरळ टप्प्यात त्याने अंगातली जर्सी काढली, दातांत धरली आणि तसाच शेवटचा अडथळा ओलांडून जिंकला. आधी पंचांनी पिवळे कार्ड दाखवून सोडून दिले. चौथ्या आलेल्या धावपटूच्या देशाने, स्पेनने, आक्षेप घेतला. जर्सी आणि तिच्यावरचा क्रमांक अंगावर असला पाहिजे, असा नियम आहे. मेखिसी बाद झाला आणि सुवर्ण त्याच्याच देशाच्या योआन कोवालकडे गेले. तीन दिवसांनी मेखिसीने १५०० मीटरचे सुवर्ण जिंकले. या वेळी जर्सी अंगातच होती!

आक्षेपाचा अर्धा तास

स्पेनने वापरले ते हत्यार आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून साधारण अर्ध्या तासात आक्षेप नोंदवता येतो. एखाद्याच्या वाटेत दुसरा आडवा आला, असे पंचांना पटले तर त्या धावपटूला पुढच्या फेरीत घेता येते. कागदावर ही रूक्ष तरतूद वाटते. साबळेची कारकीर्द मात्र एकदा तिच्यावरच तोलली गेली होती.

१ ऑक्टोबर २०१९, दोहा. जागतिक स्पर्धेतील प्राथमिक फेरीत इथिओपियाचा टाकेले निगाते अडखळला आणि साबळेच्या वाटेत आला. साबळेचा वेग पार तुटला. तरीही त्याने ८ मिनिटे २५.२३ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, पण अंतिम फेरीसाठी तो पुरेसा नव्हता. टीव्हीवर पाहणाऱ्यासाठी हा आणखी एक ‘बिचारा’ प्रसंग ठरला असता. भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने आक्षेप घेतला, चित्रफीत तपासली गेली आणि साबळेला अंतिम फेरीत जादा धावपटू म्हणून घेण्यात आले. तीन दिवसांनी तो ८ मिनिटे २१.३७ सेकंदांत धावला. टोकियो ऑलिम्पिकची पात्रता ८ मिनिटे २२ सेकंद होती. म्हणजे तो आक्षेप फेटाळला असता, तर ती शर्यत नाही आणि त्या दिवशीची ऑलिम्पिकची पात्रताही नाही.

हे तिकीट किती लांबून आले होते, हे आष्टी तालुक्याला वेगळे सांगायला नको. आईवडील शेती आणि वीटभट्टीवर राबणारे, शाळेसाठी रोज काही किलोमीटरची पायपीट, बारावीनंतर लष्करात भरती. पाचव्या महार रेजिमेंटचा जवान म्हणून सियाचिनची थंडी आणि राजस्थानची वाळू दोन्ही त्याने पाहिले. धावपटू म्हणून त्याची सुरुवात झाली ती त्यानंतर, २०१५ मध्ये, लष्करातल्या क्रॉस कंट्रीपासून. पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीच्या १६०० मीटरसाठी पळणारी पोरे आपल्या भागात आजही दिसतात. साबळेही त्यांच्यासारखाच नोकरीसाठी निघालेला होता. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हा त्या विक्रमाला ३७ वर्षे झाली होती.

आक्षेपाची सर्वांत रंगतदार कथा मात्र १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची. ब्रिटनचा ख्रिस ब्रॅशर पहिला आला आणि लगेच बाद ठरला. नॉर्वेच्या एर्न्स्ट लार्सनला त्याचा धक्का लागला, असे पंचांचे म्हणणे होते. हंगेरीच्या शांदोर रोझ्नोईला विजेता घोषित करण्यात आले. ब्रॅशरने दाद मागितली. धक्का लागलेल्या लार्सननेच त्याची बाजू घेतली आणि धक्का मुद्दाम मारला नव्हता, असे सांगितले. सुवर्ण पुढे सरकणार होते त्या रोझ्नोईचाही विरोध नव्हता. काही तासांनी निर्णय फिरला. पदके दुसऱ्या दिवशी द्यायची ठरली आणि मधल्या वेळात ब्रॅशरने ब्रिटिश पत्रकारांसोबत इतकी पार्टी केली, की पदक घ्यायला गेलो तेव्हा शुद्धीत नव्हतो, हे पुढे त्याने स्वतःच कबूल केले. हाच ब्रॅशर १९८१ मध्ये लंडन मॅरेथॉनच्या संस्थापकांपैकी एक झाला.

एका फुटाचे अंतर

केनियाच्या कॉन्सेस्लस किप्रुतोचा २०१८ चा झुरिकमधला विजय असाच. पहिल्याच फेरीत त्याच्या डाव्या पायातला बूट निघाला. उरलेले ओंडके आणि पाण्याचे खड्डे त्याने एका अनवाणी पायाने पार केले आणि अल बक्कालीला ०.०४ सेकंदांनी हरवले. आधीच वजनदार अडथळे, त्यात अनवाणी पाय. हसावे की हात जोडावेत, हे कळत नाही.

हाच किप्रुतो ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेसोबत धावत होता. १९९८ पासूनच्या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियानेच नेली होती. अठरापैकी अठरा. साबळेने तीन केनियन धावपटूंच्या त्या भिंतीत घुसून ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवले. अब्राहम किबिवॉटचे सुवर्ण ८ मिनिटे ११.१५ सेकंदांचे होते. ०.०५ सेकंद म्हणजे या वेगात साधारण एक फूट. पस्तीस उड्यांपैकी एखाद्या उडीत पाय किंचित नीट पडला असता तर, असे प्रश्न नंतर पडतातच.

पुढे २०२३ मध्ये हांगझो आशियाई स्पर्धेत त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्ण जिंकले. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. त्याच वर्षी पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला.

तोच खड्डा, तोच ओंडका

११ जुलै २०२५ रोजी मोनॅकोत, म्हणजे चेपकोएचने विश्वविक्रम केला त्याच मैदानावर, साबळे पाण्याच्या अडथळ्यावर पडला. अशा पडण्याच्या चित्रफिती रोज मोबाइलवर येतात, त्यांना संगीत लावलेले असते, आपण हसून पुढे सरकतो. साबळेच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया झाली, हंगाम संपला आणि सप्टेंबरमधल्या टोकियो जागतिक स्पर्धेला तो मुकला.

त्या टोकियोत काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश प्राथमिक फेरीत पडला आणि मागून येणाऱ्याच्या बुटाचे खिळे थेट त्याच्या चेहऱ्यावर आले. तो उठला, पळाला आणि पात्र ठरला. दोन दिवसांनी अंतिम शर्यतीत अखेरच्या फेरीत मागून येऊन त्याने अल बक्कालीला ०.०७ सेकंदांनी गाठले. ८ मिनिटे ३३.८८ सेकंद, सुवर्ण. चेहऱ्यावरचे खिळ्यांचे व्रण अजून ताजे होते.