विश्लेषण : अर्जेंटिनाचे बास्केटबॉलपटू ‘एनबीए’त पोहोचले कसे? आता हा ओघ का आटला?

अर्जेंटिना म्हटले की मॅराडोना आणि मेसीच आठवतात. मात्र, २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये या देशाने फुटबॉल आणि बास्केटबॉल अशी दोन्ही सुवर्णपदके एकाच दिवशी जिंकली. बास्केटबॉलच्या उपांत्य फेरीत त्यांनी ‘एनबीए’तील खेळाडूंचा समावेश असलेल्या अमेरिकेला ८९-८१ असे नमवले होते. १९९२ ते २०२४ या काळात अमेरिकेव्यतिरिक्त पुरुषांचे सुवर्ण जिंकणारा हा एकमेव संघ. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी मात्र अर्जेंटिना पात्रही ठरू शकला नाही. असे का घडले?

सुरुवात कशी झाली?

पहिली जागतिक स्पर्धा १९५०मध्ये अर्जेंटिनानेच जिंकली होती. पण पुढे लष्करी राजवटीने ‘व्यावसायिकते’चा ठपका ठेवून त्या पिढीच्या खेळाडूंवर आजीवन बंदी घातली आणि खेळ मागे पडला. प्रशिक्षक लेऑन नाखनुदेल यांच्या पुढाकाराने १९८५मध्ये ‘लिगा नॅसिओनाल’ ही देशव्यापी व्यावसायिक लीग सुरू झाली. त्यामुळे ब्वेनोस आइरेसबाहेरच्या लहान शहरांतील मुलांनाही वरच्या दर्जाचे सामने मिळू लागले. बाहिया ब्लांका हे त्याचे ठळक उदाहरण. मनू जिनोबिली, पेपे सांचेझ आणि अलेहांद्रो मोंतेकिया हे तिन्ही सुवर्णपदक विजेते याच शहरातले.

युरोपचा टप्पा का महत्त्वाचा ठरला?

अनेक अर्जेंटिनियन कुटुंबांची मुळे इटली आणि स्पेनमध्ये आहेत. त्यामुळे बऱ्याच खेळाडूंना युरोपीय नागरिकत्व मिळाले. १९९५च्या बॉसमन निकालानंतर युरोपीय क्लबांमध्ये त्यांची गणना परदेशी खेळाडूंत होईनाशी झाली आणि दारे उघडली. जिनोबिली इटलीत घडला. लुईस स्कोला, आंद्रेस नोसिओनी स्पेनमधील व्हिटोरियाच्या क्लबमध्ये.

‘एनबीए’त कामगिरी कशी?

२०००मध्ये सांचेझ आणि रुबेन वोलकोविस्की यांनी एकाच दिवशी पदार्पण केले. सांचेझचा सामना आधी सुरू झाल्याने ‘पहिला’ हा मान त्याला मिळाला. जिनोबिलीला सॅन अँटोनियो स्पर्सने १९९९च्या ड्राफ्टमध्ये थेट ५७व्या क्रमांकावर निवडले. त्याने स्पर्सकडून १६ हंगाम खेळून चार विजेतेपदे मिळवली आणि २०२२मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान पटकावले. अथेन्समधील १२ सुवर्णवीरांपैकी आठ जण कधी ना कधी ‘एनबीए’त खेळले.

मग ओघ का आटला?

त्यानंतरच्या पिढीतील फाकुंदो काम्पासो, गॅब्रिएल डेक, लेआंद्रो बोल्मारो हेही ‘एनबीए’त गेले, पण त्यांचा मुक्काम अल्पकाळाचाच ठरला. युरोपात आघाडीवर असलेल्या खेळाडूला अमेरिकेत बाकावर बसावे लागले, तर परतणेच शहाणपणाचे ठरते. काम्पासो आणि डेक रेआल माद्रिदकडे परतले. दुसरीकडे, गुणी मुले आता कोवळ्या वयातच देश सोडतात. बोल्मारोला बार्सिलोनाने किशोरवयातच नेले. ज्या लीगने सुवर्ण पिढी घडवली, तिच्या वाट्याला तिचीच मुले कमी काळ येतात.

याचा फटका राष्ट्रीय संघाला कसा?

२०१९च्या विश्वचषकात अर्जेंटिना उपविजेता होता. २०२३च्या विश्वचषकाला मात्र तो मुकला. मार दे प्लाता येथे घरच्या मैदानावर डॉमिनिकन प्रजासत्ताकाने त्याला हरवले. त्याच वर्षी ऑलिम्पिक पूर्वपात्रता स्पर्धेत, तीही मायदेशातच, ‘एनबीए’चे खेळाडू असलेल्या बहामासने त्याची वाट अडवली. कधी काळी ‘एनबीए’च्या ताऱ्यांना हरवणाऱ्या अर्जेंटिनाला आता एक जिनोबिली सापडण्यापेक्षा, तो जिथे घडला त्या लहान शहरांतील क्लब आणि देशी लीग पुन्हा भक्कम करणे अधिक गरजेचे आहे.