दमट हवेतला रोटाहेलर

रोटाहेलर म्हणजे दम्याचं औषध ओढून घेण्याची, मुठीत मावणारी प्लॅस्टिकची नळी. तिच्यात गॅस नाही, बॅटरी नाही. औषधाच्या भुकटीची कॅप्सूल भोकात खोचून खालचा भाग फिरवला की ती दुभंगते आणि भुकटी मोकळी होते. ती फुप्फुसात नेण्याचं काम मात्र रुग्णाच्या छातीनेच करायचं. ओढ जोरकस हवी. म्हणजे ज्याला धाप लागलीय, त्याच्याकडूनच हे यंत्र ताकद मागतं.

रत्नागिरीजवळचं भाट्ये काजळी नदीच्या मुखाशी, खाडीला लागून. इथे 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे, किनाऱ्याला सुरूचं बन आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने डब्यातल्या मिठालाही पाणी सुटतं. या हवेत उघडी राहिलेली कॅप्सूल मऊ पडते, भुकटीच्या गुठळ्या होतात आणि औषध छातीपर्यंत पुरतं पोचत नाही. म्हणून बाटलीचं झाकण घट्ट हवं आणि कॅप्सूल घेण्याच्या वेळीच काढायला हवी. यंत्रात फुंकर मारायची नाही, कारण उच्छ्वासातही ओल असते. धुतल्यावर ते खडखडीत वाळू द्यावं, न्हाणीघराच्या फळीवर तर ठेवूच नये. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात. दोष त्यांचा नाही, कुणी करून दाखवलेलंच नसतं.

पण यंत्र कोरडं ठेवलं तरी ते प्रत्येकाला चालेलच असं नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, होतो, आणि त्यामागे चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. नारळाची सोडणं, चुडतं आणि पातेरा जाळून आयुष्यभर आंघोळीचं पाणी तापवलेल्या आजीला हे वेगळं सांगायला नको. तिची ओढ कमी पडली, तर भुकटी कॅप्सूलमध्येच राहते.

तिच्यासाठी दाबून फवारा सोडणारा पंप बरा. अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीने विचारलं होतं, की माझं औषध फवाऱ्याच्या डब्यात का नाही मिळत? त्यातून 1956 मध्ये पहिला पंप बाजारात आला. मुंबईच्या सिप्लाने 1976 मध्ये असे फवारे आणले. इथे औषध गॅस ढकलतो, त्यामुळे श्वास सावकाश, खोल घ्यायचा आणि जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत, रोखायचा. अडचण वेळेची: दाबणं आणि ओढणं एकदम जमावं लागतं. नाहीतर औषध घशावर आदळतं. पंपाला स्पेसरचं नळकांडं लावलं की ही घाई संपते. फवारा त्या नळकांड्यात थांबतो, आजी सावकाश ओढते. बोटं आखडली असतील तर सून किंवा नातू दाबून देऊ शकतो. स्पेसर बोजड दिसतो म्हणून पुष्कळजण तो घरी पडू देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एकाच माणसाला एक औषध भुकटीचं आणि दुसरं पंपाचं दिलं, तर एकदा जोरात, एकदा सावकाश ओढायचं असा गोंधळ उडतो. शक्य असेल तिथे दोन्ही औषधं एकाच जातीच्या यंत्रात मागावीत. स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरावी, नाहीतर तोंडात पांढरा थर धरतो.

पन्नाशीत जोरात ओढणारी छाती सत्तरीत तशी राहत नाही. म्हणून तपासणीला जाताना फाइलीबरोबर यंत्रही पिशवीत असावं, आणि चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांनी रुग्णाला ते समोर ओढायला लावून बघावं. दुकानात नेहमीचं यंत्र नसलं आणि दुसरं हातात पडलं, तर औषध तेच असलं तरी ते कसं ओढायचं हे तिथेच विचारून घ्यावं.