उत्तर न सांगण्याची उमेदवारी

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात १६ डिसेंबर १८९९ रोजी केवळ मुलांसाठी एक संग्रहालय उघडण्यात आले आणि तेच जगातील पहिले बालसंग्रहालय मानले जाते. त्यापूर्वीही मुले संग्रहालयांत जात असत. परंतु प्रौढांच्या उंचीला बेतलेल्या काचकपाटांपुढे मुकाट्याने उभे राहणे आणि ‘हात लावू नका’ ही पाटी वाचून पुढे सरकणे, याहून फारसे काही त्यांच्या वाट्याला येत नसे. ब्रुकलिनमध्ये वस्तू मुलांच्या नजरेच्या पातळीवर आल्या आणि त्यांपैकी अनेक त्यांच्या हातातही पडू लागल्या. अ‍ॅना बिलिंग्ज गॅलप या जीवशास्त्राच्या शिक्षिका १९०२ मध्ये तेथे रुजू झाल्या आणि १९०४ पासून १९३७ पर्यंत त्यांनी या संस्थेची धुरा वाहिली. संग्रहालय हे आपल्या मालकीचे आहे, अशी भावना मुलाच्या मनात निर्माण झाली पाहिजे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. या भावनेतूनच तेथील थोरल्या मुलांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बिनतारी संदेशयंत्रणा उभारण्यात हातभार लावला. म्हणजे संग्रहालय पाहायला येणारा मुलगा संग्रहालय चालवायलाही मदत करू शकतो, ही कल्पना बालसंग्रहालयांच्या जन्माइतकीच जुनी आहे.

पुढे १९१३ मध्ये बोस्टन आणि १९२५ मध्ये इंडियानापोलिस येथे अशी संग्रहालये निघाली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची संख्या अमेरिकेत झपाट्याने वाढली. बोस्टनच्या संग्रहालयाचे संचालकपद १९६२ मध्ये स्वीकारलेल्या मायकेल स्पॉक यांनी काचकपाटे जवळजवळ हद्दपार केली आणि नेहमीच्या वस्तूंच्या आत काय दडलेले असते हे मुलांना उघडून दाखवणारे प्रदर्शन मांडले. बालसंगोपनावरील पुस्तकामुळे जगभर नाव झालेले डॉ. बेंजामिन स्पॉक हे त्यांचे वडील. वस्तू कपाटाबाहेर आल्यावर मात्र एक नवीच गरज निर्माण झाली. कपाटातील वस्तूला पहारेकरी पुरतो, पण मुलांच्या हाती दिलेल्या वस्तूजवळ एखादे जाणते माणूस लागते, आणि रोज येणाऱ्या मुलांची संख्या पाहता अशी माणसे पुष्कळ लागतात. बालसंग्रहालय उत्तम आहे की सामान्य, हे त्याच्या मांडणीपेक्षा दालनात उभ्या असलेल्या या माणसावर अधिक ठरते, आणि हे माणूस पुष्कळदा पगारी तज्ज्ञ नसून स्वयंसेवक किंवा इंटर्न असते.

या दोन भूमिकांत फरक आहे आणि तो सुरुवातीलाच स्पष्ट असलेला बरा. स्वयंसेवक आपला वेळ देतो. तो निवृत्त शिक्षक असेल, गृहिणी असेल, शाळकरी मुलगी असेल, आणि आठवड्यातील ठरावीक तास येऊन संस्थेला हवे ते काम करील. इंटर्न हा मुख्यतः शिकण्यासाठी आलेला उमेदवार असतो. त्याचा कालावधी ठरलेला असतो, कामावर देखरेख करणारा एक मार्गदर्शक नेमलेला असतो, बहुधा एखादा छोटा प्रकल्प त्याच्याकडे सोपवलेला असतो आणि महाविद्यालयाशी करार असल्यास त्या कामाचे श्रेयांकही त्याला मिळतात. स्वयंसेवक संस्थेसाठी काय करून गेला, हे पाहणे रास्त आहे. इंटर्नच्या बाबतीत संस्थेने त्याला काय शिकवले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. ज्या संस्थेत हा प्रश्न कोणी विचारत नाही, तेथे इंटर्नशिप या नावाखाली फुकटचा मजूर राबवला जातो.

दालनातील कामाचा मोठा भाग बाहेरून दिसतो त्याहून साधा आणि अधिक कष्टाचा असतो. मुलांनी पांगवलेले ठोकळे जागच्या जागी आणून ठेवणे, पाण्याच्या टेबलाभोवतीची ओल पुसणे, चित्रकामाच्या कोपऱ्यात कागद, गोंद आणि कात्र्या पुरवणे, तान्ह्या मुलांनी तोंडात घातलेली खेळणी वेगळ्या टोपलीत काढून जंतुनाशकाने धुणे, बिघडलेल्या मांडणीची नोंद करून ती दुरुस्तीला पाठवणे, हे सारे दिवसभर चालू राहते. या कामांना कमी लेखणारा उमेदवार बालसंग्रहालयात फार काळ टिकत नाही, आणि त्याने टिकू नये हेच योग्य. कारण आधीच्या मुलाने अर्धवट मोडून ठेवलेली रचना पुढच्या मुलासाठी पुन्हा नीट मांडली गेली नाही, तर त्या मुलाला प्रयोग सुरू कोठून करायचा हेच कळत नाही.

खरे कौशल्य मात्र मूल आणि वस्तू यांच्यामध्ये केव्हा जावे आणि केव्हा जाऊ नये, हे ओळखण्यात असते. शाळेत हुशार ठरलेल्या तरुणाची पहिली ऊर्मी माहिती सांगण्याची असते. मूल चाक उलटे बसवत आहे असे दिसताच तो पुढे होतो, चाक सुलटे करतो, त्यामागचे तत्त्व समजावतो आणि मूल दुसऱ्या दालनाकडे निघून जाते. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. त्यात शाळापूर्व वयाच्या मुलांना एक अनोळखी खेळणे देण्यात आले, ज्याच्या निरनिराळ्या भागांतून आवाज येई, प्रकाश पडे, सूर वाजे आणि एका ठिकाणी आरसा दडलेला होता. काही मुलांना मोठ्या माणसाने ‘हे असे चालते’ असे सांगून त्यातील एकच करामत दाखवली, तर इतरांना तीच करामत योगायोगाने घडल्यासारखी दिसली किंवा काहीच दाखवले गेले नाही. ज्यांना मुद्दाम शिकवले गेले ती मुले दाखवलेल्या करामतीपाशीच बराच वेळ घुटमळली आणि खेळण्यातील उरलेल्या गोष्टी त्यांना इतरांपेक्षा कमी सापडल्या. शिकवणारा जाणता आहे, तेव्हा सांगण्यासारखे जे होते ते त्याने सांगितलेच असणार, असा अनुमानाचा धागा त्या वयातही मुलाच्या मनात असतो, असे संशोधकांचे प्रतिपादन आहे.

शिकवणे वाईट, असा याचा अर्थ नव्हे. शिकवल्यामुळे मूल दाखवलेली गोष्ट लवकर आत्मसात करते, हे ते संशोधकही मान्य करतात. मात्र बालसंग्रहालयाचे प्रयोजन शोध हे असल्यामुळे तेथील मदतनिसाला आपले उत्तर राखून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. ‘तू काय करून पाहिलेस?’, ‘हे बदलले तर काय होईल असे तुला वाटते?’ असे उघडे प्रश्न विचारणे, मुलाशेजारी त्याच्या उंचीला बसणे, तेच साहित्य घेऊन काही न बोलता वेगळ्या रीतीने खेळू लागणे आणि मूल खरोखर अडून निराश होत असेल तेव्हाच एक पायरी सुचवणे, या रीती प्रशिक्षणात शिकवल्या जातात. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे उभ्या केलेल्या बालशिक्षणाच्या कामाशी परिचित असलेल्या वाचकांना यात अनोळखी असे काही वाटणार नाही. मुलाचे निरीक्षण आधी आणि हस्तक्षेप नंतर, हा मॉन्टेसरी परंपरेतील संस्कार दोन्हीकडे सारखाच आहे.

मदतनिसाला आणखी एक गोष्ट पाहावी लागते आणि ती सहजासहजी लक्षात येत नाही. केव्हिन क्रॉली, मॉरीन कॅलनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील एका बालसंग्रहालयात पालक आणि मुले यांच्या संभाषणांचे ध्वनिचित्रमुद्रण करून २००१ मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो कोणत्याही समाजातील पालकांनी वाचावा असा आहे. विज्ञानविषयक मांडणी एकत्र हाताळताना ती कशी चालते याचे स्पष्टीकरण पालकांनी मुलींपेक्षा मुलग्यांना सुमारे तिप्पट वेळा दिले. मुली मांडणीत रस घेत नव्हत्या असे नव्हते, आणि पालकांनी हा भेद जाणूनबुजून केला असेही नव्हे. ज्याच्या नजरेला हा भेद दिसू शकतो तो पालकांबरोबर आलेला नातेवाईक नसून दालनात तासन् तास उभा असलेला त्रयस्थ मदतनीस असतो. म्हणूनच भावाच्या मागे उभ्या असलेल्या मुलीला नावाने हाक मारून ‘आता तुझी पाळी, तुला काय वाटते?’ असे विचारणे हा शिष्टाचाराचा भाग न राहता त्याच्या कामाचा भाग ठरतो.

या कामाचा परिणाम जितका येणाऱ्या मुलांवर होतो, तितकाच ते करणाऱ्या तरुणांवरही होतो, आणि ही गोष्ट सर्वांत आधी ज्यांनी धोरण म्हणून स्वीकारली त्यांत फ्रँक ओपेनहायमर यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन केलेले एक्स्प्लोरेटोरियम हे काटेकोर अर्थाने बालसंग्रहालय नव्हे, विज्ञानाचे संग्रहालय आहे. परंतु तेथे प्रेक्षकांना मदत करण्यासाठी माध्यमिक शाळेतील मुलामुलींना ‘एक्स्प्लेनर’, म्हणजे समजावणारे, म्हणून वेतनावर नेमण्याची जी प्रथा पडली तिचा प्रभाव अनेक बालसंग्रहालयांवर पडला. विज्ञानात पहिले येणारे विद्यार्थीच निवडावेत असा तेथे दंडक नव्हता, उलट वेगवेगळ्या वस्त्यांतील आणि परिस्थितीतील मुले यावीत असा प्रयत्न होता. ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली आहे, त्याचा ती कळल्याचा आनंद ताजा असतो आणि ‘मला माहीत नाही, आपण करून पाहू’ असे म्हणताना त्याला संकोच वाटत नाही. विद्वानाला हे वाक्य अनेकदा जड जाते. ब्रुकलिनच्या बालसंग्रहालयानेही १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शाळा सुटल्यानंतरचा असा उपक्रम चालवला, ज्यात परिसरातील लहान मुले आधी नुसती येत, थोडी मोठी झाल्यावर जबाबदारीची कामे शिकत आणि किशोरवयात मानधन घेणारे इंटर्न होत. संग्रहालय ज्या क्राउन हाइट्समध्ये आहे, त्या कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित कुटुंबांच्या वस्तीत या शिडीचे मोल केवळ शैक्षणिक नव्हते. अनेक मुलांच्या आयुष्यातील ती पहिली कमाई आणि पहिली नोकरी ठरली.

महाविद्यालयीन इंटर्नचा बराच वेळ पडद्यामागे जातो. नवी मांडणी कायमस्वरूपी बांधण्यापूर्वी पुठ्ठा, दोरी आणि चिकटपट्टी वापरून तिचा कच्चा नमुना करतात, तो मुलांपुढे ठेवतात आणि मुले कोठे अडतात, कोठे कंटाळतात, कोठे भलताच पण अधिक चांगला उपयोग शोधून काढतात, याची बारकाईने नोंद घेतात. एका मांडणीपाशी मूल किती वेळ थांबले आणि तेथून कोणीकडे वळले, हे घड्याळ आणि दालनाचा नकाशा घेऊन टिपण्याचे काम कंटाळवाणे असले तरी निर्णय त्यावरच होतात. याशिवाय शाळांना पाठवायच्या वस्तूंच्या पेट्या तयार करणे, संग्रहातील वस्तूंची नोंदवही अद्ययावत ठेवणे, स्वमग्न किंवा गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या वेळेत दिवे आणि आवाज मंद करून दालन सिद्ध करणे, अशी कामे असतात.

मुलांमध्ये काम करायचे म्हणजे सुरक्षेचे नियम आलेच आणि त्यांबाबत हळवेपणा चालत नाही. प्रौढ अर्जदाराची पार्श्वभूमी तपासली जाते, कोणत्याही मदतनिसाने एखाद्या मुलाबरोबर बंद जागेत एकट्याने राहू नये असा दंडक असतो, पालकांच्या संमतीवाचून छायाचित्र काढता येत नाही आणि हरवलेले मूल सापडल्यास कोणाला कळवायचे याची साखळी पहिल्याच दिवशी पाठ करून घेतली जाते.

वेतनाचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. अमेरिकेत १९३८च्या रास्त श्रममान कायद्याने किमान वेतनाची चौकट घालून दिली असली, तरी ना-नफा संस्थेसाठी स्वेच्छेने विनामूल्य काम करण्यास मोकळीक आहे आणि बहुतेक बालसंग्रहालये ना-नफा तत्त्वावरच चालतात. कायद्याने चालते ते न्यायाने चालेलच असे नाही. संपूर्ण उन्हाळा विनावेतन काम करणे ज्याच्या घरच्यांना परवडते तोच इंटर्न होतो, इंटर्नशिप केलेल्यालाच पुढे नोकरी मिळते आणि काही वर्षांत संग्रहालयाचा सारा कर्मचारीवर्ग एकाच आर्थिक थरातील होऊन बसतो. कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या अमेरिकी संघटनेने २०१९ मध्ये ठराव करून इंटर्नना वेतन द्यावे असे आवाहन केले, ते याच कारणाने. बालसंग्रहालयांना हे अधिक लागू आहे, कारण सर्व थरांतील मुलांनी ‘हे आपले’ असे म्हणावे अशी अपेक्षा असेल, तर त्या मुलांसारखी दिसणारी आणि बोलणारी माणसे दालनात असलीच पाहिजेत.

आपल्याकडेही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ मध्ये स्वतंत्र बालसंग्रहालय सुरू झाले आणि तेथील प्रदर्शनाची घडण करताना शाळकरी मुलांनाच अभिरक्षकाच्या, म्हणजे वस्तूंची निवड आणि मांडणी ठरवणाऱ्याच्या, भूमिकेत सहभागी करून घेण्यात आले. पुण्यात आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेने टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान मुलांच्या हाती दिले आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तासांचे काम करायचे असते, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणालाही आता श्रेयांक मिळतात. हे तास वृक्षारोपणाच्या छायाचित्रांत आणि कार्यालयातील कागद लावण्यात संपवण्याऐवजी त्यांतील काही तरी मुलांच्या संग्रहालयांकडे आणि विज्ञान केंद्रांकडे वळवणे प्राचार्यांना सहज शक्य आहे. मानसशास्त्र, गृहविज्ञान, बालशिक्षण, इतिहास किंवा कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या शहरातील संग्रहालयाला पत्र लिहावे, आपल्याला कोणत्या वारी किती तास येता येईल हे स्पष्ट कळवावे आणि मार्गदर्शक कोण असेल व प्रवासखर्च मिळेल का, हे दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत. संग्रहालयांनीही त्या पत्राला उत्तर द्यावे.