वॉर्डातली माणसं (लेखांक ६) : पेशंट गेल्यानंतरचा अर्धा तास

मागच्या लेखांकात आपण ड्यूटीच्या तासांचा हिशेब पाहिला. निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी एरवी बारा तासांपुढे जाऊ नये, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितलं होतं. ते कागदावरच राहिलं, हेही पाहिलं. पण समजा, उद्या तास खरोखर कमी झाले, तरी त्या तासांच्या आत काय घडतं हा प्रश्न उरतोच. आज त्यातल्या एका छोट्या तुकड्याविषयी लिहिणार आहे.

मेडिसिनचा वॉर्ड, पहाटेचे तीन. पेशंट अरेस्टमध्ये जातो. पडदे ओढले जातात. हाऊसमन आणि ब्रदर आळीपाळीने छाती दाबतात, सिस्टर क्रॅश ट्रॉलीतून अ‍ॅड्रेनॅलिन भरून देते. वीस-पंचवीस मिनिटांनी हात थांबतात, ईसीजीची पट्टी निघते, तिच्यावर वेळ लिहिली जाते. पुढे काय होतं ते नीट बघा. हाऊसमन नातेवाइकांना सांगायला बाहेर जातो, बहुतेक वेळा एकटाच. आत येतो तो थेट केसपेपर आणि मृत्यूच्या दाखल्याकडे. सिस्टर सलाईन, कॅथेटर काढते. मामा आणि मावशी बॉडी बांधून स्ट्रेचरवर घेतात. खाट पुसून चादर बदलते, आणि तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन येतो, एक पेशंट वर पाठवतोय. प्रत्येक कामाला फॉर्म आहे, रजिस्टर आहे, सहीची जागा आहे. या पाच माणसांकडे कुणी बघायचं, हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही.

मृत्यू अटळ असतो तेव्हा माणसं यातूनही सावरतात. आपल्या हातून काही राहिलं का, ही शंका शिरली की खरं अवघड होतं. अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याच विषयावर एक छोटासा लेख लिहिला. ते स्वतः शिकाऊ डॉक्टर असताना त्यांच्या एका सहकाऱ्याच्या नजरेतून ईसीजीतली एक खूण निसटली. हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव साचून हृदय दाबलं जात असल्याची ती खूण होती, आणि त्या पेशंटला रात्री उशिरा घाईने ऑपरेशनला न्यावं लागलं. बातमी हॉस्पिटलभर झाली. बरोबरीच्या डॉक्टरांनी त्या सहकाऱ्याला परस्पर नालायक ठरवून टाकलं. वूंना धक्का बसला तो या कोरडेपणाचा, कारण हीच चूक आपल्याकडूनही झाली असती का, हा प्रश्न त्यांना मनातल्या मनात सतावत होता. चुकीचा पहिला बळी पेशंट आणि त्याचं घर. पण चूक करणारा कर्मचारीही त्यात जखमी होतो आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही, हे त्यांनी त्या लेखात मांडलं. पेशंटचं दुःख यामुळे कमी लेखलं जातं, असा आक्षेप काही पीडित कुटुंबांनी पुढे घेतला आणि तो समजण्यासारखा आहे. पण जखमी मनाने तीच सिस्टर पुढच्या पेशंटचं इंजेक्शन भरते, म्हणून तिची काळजी घेण्यात पेशंटचंही हित आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मग मदत कशी करायची? इथे अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयाचा अनुभव फार उपयोगी आहे. सुझन स्कॉट या नर्सने तिथे सहकाऱ्यांच्या आधाराची तीन पायऱ्यांची रचना उभी केली. पहिली पायरी म्हणजे त्याच वॉर्डातली माणसं: इन्चार्ज, सीनियर, शेजारच्या खाटांवर काम करणारी सिस्टर. त्यांच्या अंदाजाने सुमारे ६० टक्के लोकांना एवढा आधार पुरतो. आणखी ३० टक्क्यांना थोडं प्रशिक्षण घेतलेला सहकारी लागतो. उरलेल्या सुमारे १० टक्क्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच पोचवावं लागतं. हे आकडे मला महत्त्वाचे वाटतात, कारण आपल्याकडे गाडी नेमकी उलटी धावते. आधी तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवतात, तेही ड्यूटी संपल्यावर, नाइट करून आलेल्या माणसांसाठी. पहिली पायरी, जिला पैसे लागत नाहीत, तीच रिकामी असते.

या पायरीवर करायचं काम अगदी साधं आहे. नातेवाइकांना सांगायला हाऊसमनबरोबर एक सीनियर जातो. नवा पेशंट दहा मिनिटं दुसऱ्या कुणाकडे दिला जातो. चहा मागवला जातो. ‘तू केलंस ते मी पाहिलंय, मी इथेच आहे’ एवढं कुणीतरी म्हणतं. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या जोनाथन बार्टेल्स या नर्सने आणखी एक पद्धत रुजवली. मृत्यू जाहीर झाला की कुणीही एक जण सगळ्यांना खाटेभोवती थांबायला सांगतो. हा माणूस कुणाचातरी होता, त्याच्यासाठी आपण सगळ्यांनी प्रयत्न केले, असे दोन शब्द बोलतो, आणि मिनिटभर सगळे शांत उभे राहतात. आपल्याकडच्या कितीही भरलेल्या वॉर्डात, जमिनीवर गाद्या टाकलेल्या असल्या तरी, हे मिनिट निघू शकतं.

एक सावधगिरी मात्र हवी. सगळ्यांना लगेच गोल बसवून ‘काय वाटलं ते सांगा’ म्हणून बोलतं करणं, हा एके काळी रामबाण मानलेला उपाय अभ्यासांत टिकला नाही. काहींना त्याने उलट त्रासच झाला. ज्याला बोलायचं नाही त्याला गप्प राहू द्यावं. काही दिवसांनी पुन्हा विचारावं. झोप उडाली असेल, वॉर्डाच्या दारात छातीत धडधडत असेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या असतील, जगणं नकोसं वाटत असेल, तर वाट न पाहता तज्ज्ञाकडे न्यावं. आणि असं बोलणं चौकशीपासून वेगळं ठेवावं. चूक झाली का याची तपासणी व्हायलाच हवी, पण आधाराला आलेल्या सहकाऱ्याला सांगितलेलं उद्या मेमोमध्ये दिसणार असेल, तर कोण तोंड उघडेल? जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २०११ पासून चोवीस तास अशी सेवा आहे आणि तिथलं संभाषण गोपनीय राहतं. एवढी हमी असूनही सुरुवातीला फार कमी फोन यायचे.

या सगळ्यात मामा-मावशींचा विचार सर्वांत शेवटी होतो, किंवा होतच नाही. लहान मूल गेलं की त्याला गुंडाळण्याचं काम मावशी करते. तिचं स्वतःचं मूल त्याच वयाचं असू शकतं. अनेकदा ती कंत्राटावर असते, सुट्टी घेतली तर पगार कापला जातो. मिनिटभर थांबायचं असेल तर त्या वर्तुळात मावशीलाही उभं केलं पाहिजे, आणि चहाचा पहिला कप तिला दिला तरी चालेल.

वाचकांत जे युनिट हेड, मेट्रन किंवा इन्चार्ज सिस्टर असतील, त्यांना एवढीच विनंती: परिपत्रकाची वाट पाहू नका. या आठवड्यात तुमच्या वॉर्डात मृत्यू झाला, तर हँडओव्हरच्या वेळी त्या ड्यूटीतल्या प्रत्येकाची नाव घेऊन विचारपूस करा आणि पुढच्या शिफ्टलाही त्यांच्याकडे लक्ष ठेवायला सांगा. आणि ज्यांना वॉर्डात कुणाशीच बोलता येत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. क्रमांक १४४१६.