पैलवान पोराला कॉलेज कोणते निवडावे?



बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच खल सुरू होतो. पोरगं अभ्यासात बरं आहे, तालमीतही चमकतंय; आता घालायचं कुठं? मग कुणी थोरला पैलवान सांगेल ते कॉलेज, नाहीतर मार्कांत बसेल ते. आमच्या मते हे दोन्ही अर्धेच पाहणे झाले.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसा कमी पडला, तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ पदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कॉलेज म्हणजे आधी माणसे, मग इमारत, ती अशी.

म्हणून प्रवेशाआधी बाप-लेकांनी एक दिवस तिथे जावे आणि पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. कुस्ती कोण शिकवतो? शारीरिक शिक्षणाच्या सरांवर सगळ्याच खेळांचा भार असतो. कुस्तीचा वेगळा वस्ताद आहे काय? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकलेला असल्यास उत्तम.

२. मॅट आहे काय? गावच्या मैदानात माती खरी, पण ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत, गुणांवर होते. मातीतल्या पोराला तिथे पाय जमवायला वेळ लागतो.

३. आपल्या पोराच्या वजनात आधीच किती जण आहेत? संघात एका वजनाला एकच पैलवान जातो. नामांकित कॉलेजात तीन वर्षे बाकावर बसण्यापेक्षा लहान कॉलेजातून विद्यापीठाच्या निवडीपर्यंत पोचणे बरे.

४. स्पर्धेत गेलेले दिवस हजेरीत कसे धरतात? बुडालेले प्रॅक्टिकल पुन्हा घेतात काय? सायन्सवाल्यांनी हे आधी विचारावे.

५. होस्टेलपासून तालीम किती लांब? पहाटे मेहनत करून पोरगं वेळेवर वर्गात पोचेल काय? मेसचे जेवण पैलवानाला पुरेल काय?

६. मागच्या तीन-चार वर्षांतल्या पैलवानांपैकी पदवी किती जणांनी घेतली? हे ऑफिसात विचारू नका. तालमीत बसून पोरांनाच विचारा, ती खरं सांगतात.

शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. गुडघा किंवा खांदा एकदा गेला की कुस्ती एका दिवसात सुटते. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्या पदाला लागणारे शिक्षण नसेल तर नुसते खेळाचे सर्टिफिकेट उपयोगी पडत नाही. स्वतः खाशाबाही १९५५ साली पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. पदकानंतरही संसार चालवावाच लागतो.

तेव्हा एकच कसोटी लावा. उद्या कुस्ती सुटली, तरी पोरगं त्याच कॉलेजात मन लावून शिकेल काय? आणि कुस्ती चालू राहिली, तर ते कॉलेज त्याच्या पाठीशी उभे राहील काय? दोन्हींचे उत्तर 'होय' आले तरच फी भरा.

कुस्ती खेळणाऱ्या लेकीच्या बाबतीतही हेच सारे विचारा. शिवाय मुलींच्या सरावाची वेळ, सोबत जाणारी शिक्षिका आणि होस्टेलची व्यवस्था स्वतः डोळ्यांनी बघून या.